विटेवरचा आळ

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर थोडा वेळ जरी उभं राहिलं तरी ती गोष्ट कानावर पडते. सहल घेऊन आलेले गुरुजी सांगत असतात, नाहीतर पाहुण्यांना पुणं दाखवायला निघालेले कुणी काका. बाजीरावांनी सातमजली दगडी वाडा बांधायला काढला. खालचा मजला होतोय न होतोय तोच साताऱ्याला कागाळी गेली, की दगडात बांधायचा मान फक्त छत्रपतींचा. मग उरलेलं काम पेशव्यांनी विटेत उरकलं. पुढे इंग्रजांच्या तोफांपुढे वरची वीट ढासळली आणि खालचा दगड तेवढा राहिला. ऐकणारे माना वर करतात. दगडाकडे कौतुकानं बघतात आणि विटेकडे जरा कीव करून.

मला दर वेळी मध्ये पडून बोलावंसं वाटतं. कधीकधी बोललेही आहे, आणि पुण्यात अनोळखी माणसाचा इतिहास भर रस्त्यात दुरुस्त केला की काय ऐकून घ्यावं लागतं तेही ऐकून घेतलं आहे.

गोष्टीचा पूर्वार्ध खरा की रचलेला, त्यात मी पडत नाही. उत्तरार्ध मात्र तारखांपुढे टिकत नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला इंग्रजांना मिळालेल्या बाळाजीपंत नातूंनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं. दुसरे बाजीराव तोवर पुणं सोडून गेले होते, त्यामुळे तटाला खिंडार पाडायची वेळच कुणावर आली नाही. वाडा गेला तो २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत. तेव्हा पेशवाई बुडून दहा वर्षं होत आली होती. आणि जळालं ते सागवान. खांब, तुळया, छतं, महिरपी, सगळं लाकडी काम राख झालं. तटाची वीट मात्र अजून जागेवर आहे. लोक तिच्यावरून फेरी मारतात, तिच्यावर बदामात नावं कोरतात. जी ढासळली नाही तिच्यावर ढासळल्याचा आळ आहे, आणि तो दर रविवारी नव्यानं घेतला जातो.

मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करते, म्हणून हे मला जास्त लागत असेल. शनिवारवाडा माझ्याकडे नाही. तो १९१९ पासून संरक्षित स्मारक आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. माझे वाडे खाजगी. पेठांतले, बिल्डरच्या नजरेतून अजून सुटलेले, भाऊबंदकीच्या दाव्यांमुळे वाचलेले. (पुण्यातल्या वारशाचं खरं संरक्षण दिवाणी न्यायालयानं केलं आहे असं मी नेहमी म्हणते. वाटणीचा निकाल लागला की वाडा पडतो.) या कामातला माझा बहुतेक वेळ लाकडावर जात नाही. लाकडावर सगळ्यांचं लक्ष असतं. कोरीव खांब, हस्त, मेघडंबरी, यांचे फोटो निघतात, त्यांना पैसे मिळतात. माझा वेळ जातो विटेच्या भिंतीपाशी, आणि तिच्यातही विटेपेक्षा दोन विटांच्या मधल्या बोटभर जागेत.

आधी दगड आणि विटेचं भांडण मिटवू. खाली दगड आणि वर वीट ही रचना शनिवारवाड्यापुरती नाही. ज्या सावकाराला, ज्या भिक्षुकाला, ज्या कारकुनाला साताऱ्याहून कुणी काही विचारायला आलं नव्हतं, त्यांच्याही वाड्याचं जोतं काळ्या दगडाचं आणि वरची भिंत विटेची आहे. कारण साधं. आपला बसाल्ट पाणी पीत नाही, वीट पिते. जमिनीतली ओल विटेच्या भिंतीतून वर चढते, दगडापाशी थबकते. म्हणून जमिनीलगत दगड. पण तोच दगड घडवायला पाथरवटाचे हात झिजतात, वजन तर असं की वरच्या मजल्यावर चढवायला माणसं आणि दिवस दोन्ही जास्त. वीट मात्र एका हातात मावते, झेलत झेलत माळ्यावर जाते. शिवाय वाड्याचा भार मुळात लाकडी खणांवर. खांब आणि तुळया घर उचलून धरतात, वीट त्यांच्यामध्ये आणि बाहेरून जाडजूड कवच म्हणून उभी राहते, उन्हाळ्यात आतली खोली गार ठेवते. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत. दोन वर्षं. सगळं घडीव दगडात करायचं म्हटलं असतं तर वास्तुशांतीला बहुधा नानासाहेबच बसले असते.

तर वीट ही नाइलाजानं घेतलेली गोष्ट नव्हती. ती विचार करून घेतलेली होती. तोफेनं तिला हरवलं नाही. मग आज पेठांत फिरताना जुन्या भिंतींच्या विटा खपल्या निघाल्यासारख्या का दिसतात?

उत्तर १८२४ सालात आहे. त्या वर्षी इंग्लंडमधल्या लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्यानं पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. पेशवाई बुडून सहा वर्षं झाली होती, वाडा जळायला चार वर्षं बाकी होती. ॲस्पडिनचं सिमेंट आजच्याइतकं कडक नव्हतं, आणि ते आपल्याकडच्या वाड्यांपर्यंत पोचायला पुढे शंभरावर वर्षं लागली. पण पोचलं ते पाहुणा म्हणून नाही, घरमालक म्हणून.

कसबा पेठेतल्या एका वाड्याची मागची भिंत मी कधी विसरणार नाही. गल्लीच्या बाजूची, पश्चिमेकडे तोंड, सगळा पाऊस अंगावर घेणारी. आधीच्या कुणीतरी, बहुधा सत्तरीच्या दशकात, तिच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटनं भरून घेतल्या होत्या. काम नीट केलेलं होतं, हे आधी सांगते. रेघा सरळ, कडा स्वच्छ. कुणी चुकारपणा केलेला नव्हता. आणि भिंत मेली होती. विटा आत गेल्या होत्या, काही ठिकाणी दोन-दोन बोटं, आणि सिमेंटच्या रेघा मात्र जशाच्या तशा पुढे उभ्या. मध संपलेल्या पोळ्याच्या रिकाम्या घरांसारखी ती भिंत दिसत होती.

होतं असं. पावसात भिंत भिजतेच. कुठल्याही भिंतीला ते चुकत नाही. प्रश्न असतो तो पाणी बाहेर कुठून पडतं याचा. सांधा चुन्याचा असेल तर तो विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असतो. पाणी त्या वाटेनं बाहेर येतं, वाळतं, येताना विरघळलेले क्षारही घेऊन येतं. ते क्षार सांध्याच्या तोंडाशी स्फटिक होऊन फुगतात आणि सांध्याचा चुना थोडा थोडा भुसभुशीत होऊन गळतो. पन्नास-शंभर वर्षांनी गवंडी येतो, गळलेला चुना खरवडतो, नवा भरतो. वीट शाबूत. सिमेंट भरलं की ही वाट बंद. मग पाण्यापुढे एकच दार उरतं, ते म्हणजे वीट. क्षार आता विटेच्या पृष्ठभागामागे स्फटिक होतात, तिचा दर्शनी पापुद्रा सुटतो. भट्टीत वीट भाजते तेव्हा सगळ्यात कडक होते ती तिची कातडी. ती एकदा निघाली की आतला मऊ गाभा पावसाच्या हाती लागतो. लोक त्याला लोणा लागला म्हणतात आणि वरून आणखी सिमेंट फासतात.

यात कडेकपारीतून उगवणाऱ्या पिंपळाचा हात नसतो असं नाही. पण पिंपळ दिसतो तरी. त्याला उपटता येतं, मुळाशी इलाज करता येतो. सिमेंट हे इलाज म्हणूनच आलेलं असतं, त्याच्यावर संशय कोण घेणार?

आणि लोकांना तरी काय नावं ठेवायची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे मातीच्या सांध्यात बांधलेले होते. त्या भिंती पाण्यात उभ्या राहिल्या, सांध्यातली माती विरघळली आणि भिंती जागच्या जागी बसल्या. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्या मनात जुनी भिंत म्हणजे काय याचं उत्तर कायमचं ठरून गेलं. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप. तिथे मारक ठरल्या त्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं ओझं, पण भीती सगळ्याच जुन्या बांधकामाला चिकटली. मातीत बांधलेलं, चुन्यात बांधलेलं, विटेचं, दगडाचं, सगळं एका पोत्यात. कसबा पेठेतल्या त्या घरच्या आजी मला म्हणाल्या, ‘‘अगं, आम्ही भिंतीला सिमेंट केलं तेव्हा पहिल्यांदा रात्री शांत झोप लागली.’’ यावर क्षारांच्या स्फटिकांचं व्याख्यान देणं मला जमलं नाही.

सिमेंट काढणं हे भरण्यापेक्षा अवघड. ते विटेला इतकं घट्ट धरून असतं की छिन्नी मारली की विटेची कड सोबत येते. ग्राइंडर लावला तर काम झटपट होतं आणि प्रत्येक विटेची वरची-खालची धार कापली जाते. मग सांधा जुन्याच्या दुप्पट रुंद दिसतो. आमचे मिस्त्री तात्या, वेल्ह्याकडचे, ग्राइंडरला हात लावत नाहीत. बारीक छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन सांध्याच्या मधोमध आधी एक घळ पाडायची, मग तिच्यात दोन्ही बाजूंनी सिमेंट आत पाडत न्यायचं, विटेकडे नाही. जिथे सिमेंट अजिबात सुटत नाही तिथे ते तसंच ठेवायचं. हा निर्णय करायला धाडस लागतं, कारण मालकाला वाटतं काम अर्धवट सोडलं. पण वीट फोडून सिमेंट काढण्यात काय मतलब? सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट तरी खोल गेलं की थांबायचं, धूळ झाडायची, आणि मग भिंतीला पाणी पाजायचं. कोरड्या विटेत चुना भरला तर वीट त्यातलं पाणी ओढून घेते आणि चुन्याची भुकटी होते.

‘‘ताई, सांदा आधी मेला पायजे, मग वीट,’’ तात्या म्हणतात. ‘‘हितं उलटं झालंय.’’

संवर्धनाच्या पुस्तकांत हेच तत्त्व पानोपानी समजावलेलं असतं. तात्यांनी ती वाचलेली नाहीत. त्यांचे वडील चुन्याच्या घाण्यावर बैल हाकायचे.

घाणा बऱ्याच लोकांनी पाहिलेला असतो, गडांवर. गोल दगडी चर आणि त्यात पडलेलं एक अवजड चाक. ट्रेकला गेलेली मुलं त्याच्यावर बसून भेळ खातात. त्या चरात चुना, वाळू आणि सुरखी घालून बैल फिरवायचे. सुरखी म्हणजे विटेची पूड. नीट भाजलेल्या मातीची पूड चुन्यात मिसळली की चुना ओलाव्यातही घट्ट होतो. केरळच्या डोंगरातलं १८९५ चं मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीच्या मसाल्यातच बांधलेलं आहे. म्हणजे चुना कच्चा, सिमेंट पक्कं, हे इतकं सरळ नाही.

आता आपल्याकडे एक गंमत आहे. पुण्याच्या आसपास सगळा बसाल्ट, चुनखडकाची खाण जवळ नाही. मग एवढा चुना आला कुठून? काळ्या मातीत आणि ओढ्याकाठी चुनखडीचे पांढुरके खडे सापडतात, नांगराला लागतात, शेतकरी वैतागून बांधावर फेकतात. ते खडे गोळा करून भट्टीत भाजायचे. सुमारे नऊशे अंश तापमानाला त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो फसफसतो, उकळतो, वाफा सोडतो. या वेळी जवळ जाणाऱ्यानं डोळे सांभाळावेत. मग तो पाण्याखाली मुरत ठेवायचा. जितका जुना तितका लोण्यासारखा मऊ, असं तात्या म्हणतात. सांध्यात भरल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. भट्टीत गमावलेलं भिंतीत परत मिळवायला त्याला महिने, कधी वर्षं लागतात. शेतातल्या त्या खड्यांत माती मिसळलेली असते, त्यामुळे तो चुना शुद्ध चुन्यापेक्षा ओलाव्याला जास्त तोंड देतो. अशुद्धपणा उपयोगी पडल्याचं हे एक उदाहरण.

हल्ली या मसाल्याभोवती एक वेगळीच भक्ती जमली आहे. गूळ, उडीद, मेथी, बेलफळ, हिरडा. मोबाइलवर फिरणारे संदेश वाचले तर वाटतं की पेशव्यांचे गवंडी भिंत बांधत नव्हते, डिंकाचे लाडू वळत होते. या गोष्टी घालत होते, यात शंका नाही, आणि त्यांचा उपयोगही आहे. गुळातली साखर चुना जास्त विरघळवते आणि मसाला घट्ट व्हायला वेळ घेतो, म्हणजे कारागिराला हात फिरवायला सवड मिळते. बेलफळाचा गर चिकट. हिरड्यात तुरट द्रव्य. पण प्रमाण चिमटीचं. गुळाचं पाणी जास्त झालं की मसाला कमकुवतच होतो, वर मुंग्या लागतात त्या वेगळ्या. एका मालकांनी मला विचारलं होतं, ‘‘उडीद किती किलो आणू?’’ त्यांना सांगितलं, उडीद राहू दे, गोणपाट आणा. कारण चुन्याचं खरं गुपित हे त्यात काय घातलं यात नाही, ते नंतर किती दिवस ओलं ठेवलं यात आहे. भरलेल्या दरजांवर ओलं गोणपाट लावायचं, दिवसातून अनेकदा पाणी शिंपडायचं, ऊन थेट लागू द्यायचं नाही. म्हणून आमचं काम दसऱ्यानंतर सुरू होतं आणि उन्हाचा चटका वाढायच्या आत थांबतं. एप्रिलमध्ये चुन्याचं काम काढणाऱ्या माणसाकडे मी जात नाही.

सांध्याबद्दल इतकं झालं, तरी काही विटा बदलाव्याच लागतात. तिथे खरी कटकट सुरू होते. जुन्या विटा आजच्यापेक्षा पातळ आणि चपट्या. पातळ वीट भट्टीत आतपर्यंत भाजली जाते, जाड वीट बाहेरून लाल आणि आतून कच्ची राहू शकते. आजची वीट त्या थरात बसतच नाही. मग एक वाट म्हणजे पडलेल्या वाड्याच्या विटा विकत घेणं. त्या मिळतात, पण मला ते आवडत नाही. एका वाड्याच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या पडण्याची वाट बघायची, आणि मागणी वाढली की पाडायला आणखी एक कारण तयार. दुसरी वाट भट्टीवाल्याकडून पातळ साच्यात पाडून घेणं. भट्टीवाला म्हणतो, साचा करतो, पण एवढ्या थोड्या विटांसाठी भट्टी लावणार नाही. खरं आहे त्याचं. मग दोन-तीन कामांच्या विटा एकत्र मागवायच्या, त्याच्या नेहमीच्या भट्टीत एका बाजूला आपला माल लावून घ्यायचा.

आलेली वीट पारखायची कशी? पाण्यात बुडवून ठेवायची, नखानं ओरखडा काढून बघायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या. खणखणीत वाजली तर भाजली. बद्द आवाज आला तर बाजूला.

ही वाजवून बघायची रीत पाहिली की मला गोरोबाकाका आठवतात. संतांच्या मेळ्यात मुक्ताईनं थापटणं दाखवून विचारलं, हे काय? काका म्हणाले, याच्यानं मडकं पक्कं की कच्चं ते कळतं. मग इथली मडकी बघा की, असं म्हटल्यावर काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे रागावले, आणि कच्चं मडकं ठरले. गोरोबाकाकांचं गाव तेर, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. भाजक्या मातीचा माणूस तिथलाच असावा, हे मला फार योग्य वाटतं. कारण तेरला आपल्याकडची सगळ्यात जुनी उभी विटेची इमारत म्हणता येईल अशी एक वास्तू आहे.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर सांगितलं आहे; तिथलं कापड भडोच बंदराकडे जायचं. ते तगर म्हणजे हे तेर. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ विटेचं आहे. पाठ अर्धगोल, छप्पर हत्तीच्या पाठीसारखं वळलेलं. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पाहिलं आणि हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावं असं मांडलं. आपण अजिंठा-कार्ल्याला जे आकार डोंगरात कोरलेले बघतो, ते लाकूड-विटांत उभे होते तेव्हा कसे असतील याचा हा जवळजवळ एकटा उरलेला साक्षीदार. आंध्रातल्या चेजर्ल्याचं कपोतेश्वराचं देऊळ याच जातीचं. तेरच्या देवळाचं वय दीड हजार वर्षांच्या आसपास धरतात. आत पाऊल उचललेला त्रिविक्रम आहे, पायाशी बळी. गावातले लोक येतात, घंटा वाजवतात, जातात. किल्लारीचा हादरा इथून फार लांब नव्हता. देऊळ आहे.

मी त्या भिंतीपाशी बराच वेळ थांबले. किती मोठ्या विटा! पुण्याच्या वाड्यांतल्या विटा त्यांच्यापुढे पोरी वाटतात. आणि हे देऊळ इतकी शतकं राहिलं कशामुळे? मला वाटतं, ते कधी स्मारक नव्हतं म्हणून. धर्म बदलला, देव बदलला, पुढे लाकडी खांबांचा मंडप जोडला गेला, आणि दर पिढीनं भिंतीवर चुन्याचा एक हात मारला. तो चुना झिजला, वीट राहिली. कझिन्सला चुन्याच्या थरांखाली मूळ आकार शोधावा लागला, आणि अभ्यासकांना असे थर नेहमी अडचणीचे वाटतात. पण ते थर नसते तर अभ्यास करायला भिंतच उरली नसती.

याच जागी माझं हल्लीच्या मंडळींशी बिनसतं. वाडा वाचवायचा म्हटलं की पहिली मागणी येते, विटा उघड्या दाखवा. गिलावा काढा, ब्रश मारा, वरून चकचकीत वॉर्निश द्या, पिवळे दिवे सोडा, झालं वारसा-उपाहारगृह. पेठांतल्या बहुतेक भिंती उघड्या राहायच्या म्हणून बांधलेल्याच नाहीत. उघडी राहायची भिंत कारागिराच्या हातावरून ओळखू येते: विटा निवडक, थर सुतात, सांधे बारीक. ज्या भिंतीत विटांचे तुकडे, दगडाच्या चिपा, ओबडधोबड सांधे दिसतात ती गिलाव्याखाली राहण्यासाठीच होती. तिचे कपडे काढून तिला खरं रूप म्हणायचं, हा कुठला न्याय? आणि वॉर्निश म्हणजे पुन्हा पाण्याची वाट बंद, सिमेंटनं केलं तेच. गिलावा हा भिंतीचा सगळ्यात आधी मरणारा भाग, सांध्याच्याही आधी. तोच काढून टाकल्यावर पुढचा नंबर कुणाचा ते सांगायला नको.

जॉन मार्शल पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना शनिवारवाडा संरक्षित झाला. त्यांनी १९२३ मध्ये खात्यासाठी संवर्धनाची जी हस्तपुस्तिका काढली, तिचा सूर असा की जे आहे ते राखा, नवं घडवायच्या भानगडीत पडू नका. संवर्धनाचा १९६४ चा व्हेनिसचा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा त्याच्या पुढे जाऊन सांगतो की बदललेला भाग मूळ भागापासून वेगळा ओळखता आला पाहिजे. दोन्ही मला पटतं, पण विटेच्या बाबतीत हे जपणं गमतीचं आहे. नवी वीट मुद्दाम वेगळी दिसू दिली तर भिंतीला ठिगळं दिसतात. जुन्यासारखी जुनाट केली तर फसवणूक. आम्ही मधला मार्ग काढतो. माप तेच, माती जवळपास तीच, पण विटेच्या आतल्या, भिंतीत जाणाऱ्या बाजूवर वीट पाडतानाच वर्ष उमटवून घेतो. पुढे कधी कुणी ती वीट काढली तर त्याला कळेल. चहाचे डाग, काजळी, शेणकाला असलं काही फासून नवी वीट म्हातारी करायला तात्या साफ नकार देतात. ‘‘चार पावसाळं खाऊ द्या तिला. आपसुक रंग धरंल.’’

कसब्यातल्या त्या भिंतीचं काम झालं. सगळ्यात वाईट भागातल्या विटा बदलल्या, बाकीच्यांना चुन्याची निवळी पुन्हा पुन्हा पाजली, दरजा भरल्या, आणि मालकांच्या मुलाशी बरंच वाजून अखेर गल्लीच्या बाजूला चुन्याचा पातळ गिलावा केला. आतल्या बाजूची, पावसापासून लांबची एक भिंत त्याच्या हट्टाखातर उघडी ठेवली. ती तशी राहिली तरी फारसं बिघडत नाही. तिथे आता त्याचं ऑफिस आहे आणि व्हिडिओ कॉलवर मागे ती भिंत दिसते. आजी अजून सिमेंट काढल्याबद्दल नाराज आहेत. पहिल्या पावसात रोज भिंतीला हात लावून बघत होत्या, मला फोनवर कळवत होत्या. भिंत ओली व्हायची आणि उघडीप मिळाली की सुकायची. हेच अपेक्षित आहे असं मी म्हटलं की त्या म्हणायच्या, ‘‘सिमेंटची तर ओली दिसतच नव्हती.’’

हे सगळं लिहिताना माझ्या डोक्यात खरं घोळतंय ते वेगळंच. आपल्याकडे बांधकामाचं मोजमाप क्षेत्रफळावर होतं. दरजा भरायच्या, इतक्या चौरस मीटरला इतके रुपये. या हिशेबात जो भराभर हात चालवतो तो कमावतो, आणि जो मधोमध घळ पाडून, विटेची कड सांभाळत, भिंत भिजवत, गोणपाट बदलत काम करतो तो उपाशी मरतो. ग्राइंडर आणि सिमेंट ही त्या हिशेबाचीच लेकरं. तात्यांचा पुतण्या फरशा बसवतो. हात चांगला आहे त्याचा, लहानपणी तात्यांबरोबर चुना मळलाय. तो या कामाला येत नाही, कारण फरशीत त्याला दिवसाकाठी तात्यांच्या जवळजवळ दुप्पट सुटतात, आणि फरशीला रविवारी पाणी मारायला कुणी बोलावत नाही.

म्हणून आता माझ्या अंदाजपत्रकात चुन्याच्या कामाला चौरस मीटरचा दर नसतो. गवंड्याचा रोज, त्याच्या हाताखालच्याचा रोज, आणि काम संपल्यावर भिंत ओली ठेवायला येणाऱ्याचा वेगळा रोज, असं लिहिते. एका ट्रस्टच्या हिशेबनिसांनी ते परत पाठवलं: काम किती होणार ते कळत नाही, दर मोजमापाचा द्या. मी एका चौरस मीटरची नमुना-भिंत तात्यांकडून त्यांच्यासमोर करून घेतली आणि लागलेले तास लिहून दिले. त्यांनी ते तास बघितले, तोच तुकडा ग्राइंडरनं किती वेळात होईल ते विचारलं, दोन्ही आकडे पेन्सिलीनं शेजारी शेजारी लिहिले. कागद अजून त्यांच्याकडेच आहे. तात्यांनी मात्र पुतण्याला येत्या दसऱ्यापासून ये म्हणून सांगितलंय, फरशीच्या रोजावर. तेवढे पैसे कुठून आणायचे ते माझ्यावर सोडून.